रामबागेतला ‘महासत्ता आणि परक्या भूमीवरची युद्धं’ वर्ग : काय पक्कं आहे, काय दुरुस्त व्हायला हवं

इंदूरच्या भंवरकुआ परिसरात स्पर्धा परीक्षांसाठी जगाचा इतिहास शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी शीतयुद्ध दोन तासांत उरकतं. क्यूबा, व्हिएतनाम, अफगाणिस्तान, बर्लिनची भिंत पडली, पुढचा धडा. रामबागेतल्या एका मराठी मंडळाच्या सभागृहात सहा शनिवारी संध्याकाळी होणारा हा वर्ग त्या रांगेत बसत नाही. शिकवणारे दोघं आहेत : महूच्या लष्करी संस्थांत शिकवून निवृत्त झालेले एक अधिकारी आणि इतिहासाच्या एक प्राध्यापिका. शिकवणं मराठीत, गरज पडेल तिथे हिंदीत. विषय एकच : अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी आपापलं सैन्य समोरासमोर न आणता आशिया, आफ्रिका आणि मध्य अमेरिकेतल्या गरीब देशांत बंडखोर, टोळ्या आणि कमकुवत सरकारं यांच्या आडून लढलेली युद्धं.

वर्गाची जमेची बाजू म्हणजे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत धरून ठेवलेला एक प्रश्न. हत्यारं आणि रसद यांचा माल कुठून निघाला, कोणत्या वाटेनं गेला, कोणाकोणाच्या हातांतून गेला आणि शेवटी किती पोचला? कोण साम्यवादी आणि कोण स्वातंत्र्यवादी, या चर्चेत इथे वेळ जात नाही. हा प्रश्न योग्य आहे. या युद्धांचे निकाल घोषणांनी लागले नाहीत. ते सीमेपलीकडच्या आसऱ्यानं, खिंडींनी, बंदरांनी आणि मधल्या दलालांनी ठरवले. भाषणं पाठ करून हे कळत नाही, बोटानं नकाशावर वाट काढली की कळतं.

त्यामुळे साहित्य महत्त्वाचं. पाच जणांच्या प्रत्येक गटाला चार फूट बाय तीन फुटांचा फ्लेक्सवर छापलेला नकाशा, वर ठेवायचे पारदर्शक कागद, पुसता येणारी पेनं, साठ लाकडी ठोकळे, दोन फासे आणि प्रत्येकाला एक सराव-पुस्तिका मिळते. फ्लेक्सवर ट्यूबलाइटची चमक येते आणि मागे बसणाऱ्यांना गावांची नावं दिसत नाहीत. खिडकीकडच्या दोन टेबलांवर हा त्रास नाही, म्हणून वेळेआधी पोचलेलं बरं. नकाशावर डोंगर फक्त तपकिरी छटांत दाखवलेत, उंचीचे आकडे नाहीत. अफगाणिस्तानातल्या सालंग बोगद्यासारखी जागा शिकवायची असेल तर ही उणीव लहान नाही.

पहिलं सत्र माळव्यातूनच सुरू होतं. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी इंग्रज कर्नल मॉन्सनच्या फौजेची मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत जी दैना केली, ती टप्प्याटप्प्यानं उभी केली जाते : थेट भिडायचं नाही, घोडदळानं रसद तोडायची, आणि पावसाळ्यात दुथडी भरलेल्या नद्यांवर शत्रू अडकला की मग तुटून पडायचं. इथवर उत्तम. पण त्या सत्राचा खरा धडा १८०५ मध्ये आहे आणि तो घाईत जातो. होळकरांच्या बाजूचा भरतपूरचा किल्ला इंग्रज सेनापती लेक यांच्या फौजेला चार हल्ले करूनही घेता आला नव्हता. तरीही भरतपूरच्या राजानं इंग्रजांशी तह केला आणि होळकरांची पाठ उघडी पडली. पंजाबात महाराजा रणजितसिंहांनी मदत नाकारली, लेक पाठलाग करत बियास नदीपर्यंत आला आणि डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह करावा लागला. म्हणजे डावपेच जिंकत होते, पण मागे सरकायला सुरक्षित हद्द नव्हती. पुढच्या पाच सत्रांची किल्ली हीच आहे. भरतपूरचे राजेही रणजितसिंहच होते. पुस्तिकेत दोघांचा उल्लेख नुसत्या नावानं आल्यामुळे अर्धा वर्ग गोंधळतो. नावाआधी ‘भरतपूरचे’ आणि ‘लाहोरचे’ एवढं छापलं तरी पुरे.

दुसऱ्या सत्रात व्हिएतनाम आहे आणि सगळ्या अभ्यासक्रमातला सर्वोत्तम सराव इथे आहे. मे १९५९ मध्ये उत्तर व्हिएतनामनं ‘गट ५५९’ उभा केला आणि लाओस-कंबोडियातून दक्षिणेकडे उतरणारी वाट बांधायला घेतली, हीच हो ची मिन्ह वाट. ती एक रस्ता नव्हती. समांतर पायवाटा, ट्रकचे रस्ते, पाण्याखाली दडवलेले पूल आणि विश्रांतीची ठाणी यांचं ते हजारो किलोमीटरचं जाळं होतं. सरावात एक गट पुरवठा करतो, दुसरा बॉम्बफेक. एक ठोकळा म्हणजे अडीच टनांचा एक ट्रक. पुरवठ्याचं लक्ष्य आहे रोज १५ टन, म्हणजे सहा ट्रक. हा आकडा हवेतून आलेला नाही. दक्षिणेतल्या बंडखोरांना बाहेरून लागणारा माल दिवसाला १५ टनांइतका कमी असू शकतो, असं अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी १९६७ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं होतं. बाकी धान्य आणि माणसं बव्हंशी दक्षिणेतच मिळत होती.

फासे टाकले जातात, ठोकळे उडतात, बॉम्बफेकीच्या गटाला चेव चढतो. दहापैकी नऊ ट्रक उडवले तरी साठ सोडले की सहा पोचतात, आणि त्या दिवसापुरतं युद्ध चालू राहतं. गट नेमके इथेच फसतात. ते उडवलेले ठोकळे मोजून गुण मागतात. किती पोचले हे मोजायचं त्यांच्या लक्षात येत नाही. प्रत्यक्षात हेच झालं. लाओसच्या जंगलात विमानांतून आवाज आणि कंपन टिपणारी यंत्रं टाकली जात, त्यांचे संकेत थायलंडमधल्या नाखोन फानोमच्या तळावरच्या संगणकांकडे जात, तिथून विमानांना ठिकाण कळवलं जाई. उद्ध्वस्त ट्रकांचे हवाई दलाचे दावे इतके मोठे होत गेले की अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए ते आकडे मोठी कपात करूनच वाचत असे. शिकवणाऱ्यांनी सरावाच्या मध्यावर खेळ थांबवून ‘आज किती पोचले?’ हा एकच प्रश्न फळ्यावर लिहावा. सध्या तो शेवटी विचारला जातो आणि तोवर निम्मे लोक घड्याळ बघत असतात.

या नकाशात एक गंभीर चूक आहे. कंबोडियाचं सिहानूकव्हिल बंदर त्यावर नाही. मार्च १९७० मध्ये कंबोडियाचे राष्ट्रप्रमुख सिहानूक यांची सत्ता उलथेपर्यंत दक्षिणेकडच्या भागातल्या बंडखोरांचा फार मोठा माल जहाजानं या बंदरात उतरून ट्रकनं सीमेवर जात होता, आणि सीआयएनं त्याचं प्रमाण बराच काळ कमी लेखलं होतं. वाट तोडायला निघालेल्यांनी दुसरी वाट पाहिलीच नव्हती, हे दाखवायची आयती संधी नकाशा गमावतो. पेनानं ठिपका काढून घ्यावा आणि तिथून आलेले ठोकळे बॉम्बफेकीच्या फाशातून वगळावेत. सराव लगेच खरा होतो.

लाओसला मात्र या सत्रात जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात, आणि हे मनाला लागतं. १९६२ च्या जिनिव्हा करारानं लाओस तटस्थ ठरला होता. त्या तटस्थतेच्या पडद्याआड उत्तर व्हिएतनामचं सैन्य तिथे राहिलं, आणि सीआयएनं जनरल वांग पाओ यांच्या हाताखाली डोंगरात राहणाऱ्या हमोंग लोकांची फौज पोसली. १९६४ ते १९७३ या काळात या छोट्या देशावर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. क्लस्टर बॉम्बमधून विखुरणाऱ्या सुमारे २७ कोटी छोट्या बॉम्बगोळ्यांपैकी ८ कोटींच्या आसपास फुटल्याच नाहीत. शेतात नांगर घालणाऱ्याला आणि खेळणाऱ्या मुलाला त्या आजही सापडतात. मालाची वाट शिकवणाऱ्या वर्गानं वाटेवरच्या माणसांनाही तेवढीच जागा द्यायला हवी. आणखी एक दुवा हातचा सुटतो : १९५४ नंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगांचं अध्यक्षपद भारताकडे होतं, कॅनडा आणि पोलंड सदस्य होते. भारतीय अधिकारी तिथे बसून करारभंग नोंदवत होते आणि थांबवू शकत नव्हते. महूच्या परंपरेतल्या शिक्षकानं हे सांगितलं तर वर्ग कान टवकारून ऐकेल.

अफगाणिस्तानला दोन सत्रं आहेत आणि ती पैसे वसूल करून देतात. पुस्तिकेतल्या एका तारखेपासून मात्र सावध राहायला हवं. अमेरिकेची मदत सोव्हिएत फौजा आल्यावर सुरू झाली, असं तिथे छापलंय. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी काबूलच्या साम्यवादी सरकारविरुद्ध लढणाऱ्या मुजाहिदीनांना छुप्या, बिगरलष्करी मदतीच्या आदेशावर सही केली ती ३ जुलै १९७९ रोजी. सोव्हिएत फौजा काबूलमध्ये उतरल्या डिसेंबरच्या अखेरीस, आणि २७ डिसेंबरला अफगाण सत्ताधीश हफिझुल्ला अमीन मारले गेले. पहिली मदत रकमेनं किरकोळ होती, त्यामुळे तिनंच आक्रमण ओढवलं असा दावा करणंही घाईचं आहे. पण परीक्षेला बसणाऱ्यानं तारीख बरोबर लिहावी.

मालाचा प्रवास इथे हातोहात मांडला जातो. जहाज कराचीला. तिथून रेल्वेनं रावळपिंडीजवळच्या ओझरी छावणीत किंवा क्वेट्ट्याला. मग पाकिस्तानी गुप्तचर संस्था आयएसआयचे ट्रक पेशावरला, तिथे सात अफगाण पक्षांची कोठारं, पक्षाकडून कमांडरला, आणि खिंडीतून खेचरांवर आत. सीआयए माल विकत घेऊन बंदरापर्यंत आणत असे, सौदी अरेबिया अमेरिकेच्या प्रत्येक डॉलरमागे आपला डॉलर घालत असे. कोणाला किती द्यायचं हे मात्र आयएसआय ठरवत असे. आयएसआयचा अफगाण विभाग सांभाळलेल्या अधिकाऱ्याच्या नोंदीप्रमाणे हा ओघ १९८३ मधल्या १०,००० टनांवरून १९८७ मध्ये ६५,००० टनांवर गेला. सरावात प्रत्येक गटातला एक जण बंदर, एक आयएसआय, एक पक्ष, एक कमांडर आणि एक खेचरवाला होतो. वीस ठोकळे निघतात आणि प्रत्येकाला आपला वाटा काढून घ्यायची मुभा असते. खेचरवाल्यापर्यंत किती येतात हे बघण्यासारखं असतं. त्याहून महत्त्वाचा नियम असा की पक्षाशी न जोडलेल्या कमांडरला एकही ठोकळा मिळत नाही. सात पक्षांपैकी हिकमतयार यांच्या पक्षाला झुकतं माप आणि पंजशीरमध्ये सोव्हिएत फौजांना वर्षानुवर्षं झुंजवणाऱ्या कमांडर मसूद यांना तुलनेनं थोडं, असं का झालं याचं उत्तर या एका नियमात आहे. वाटप करणाऱ्यानं युद्धानंतरचं राजकारण तेव्हाच घडवायला घेतलं होतं. १० एप्रिल १९८८ रोजी ओझरीचा साठा फुटला आणि रावळपिंडी-इस्लामाबादवर रॉकेटं कोसळली, हेही सांगितलं जातं. दारूगोळ्याचं कोठार दाट वस्तीच्या कुशीत ठेवल्याची किंमत सामान्य माणसांनी मोजली.

स्टिंगर क्षेपणास्त्रावरचा तास अधिकारी स्वतः घेतात आणि तो नेमका आहे. खांद्यावरचं हे हत्यार सज्ज अवस्थेत सुमारे १५ किलोचं. विमानाच्या उष्णतेचा माग काढणारं. त्याचा शोधक थंड ठेवणारी आणि वीज पुरवणारी छोटी कुपी एकदा चालू केली की पाऊण मिनिटात काम आटपावं लागतं, नाहीतर ती कुपी वाया आणि दुसरी लावायची. म्हणूनच प्रशिक्षणाशिवाय ते हातात देऊन उपयोग नव्हता. २५ सप्टेंबर १९८६ च्या सुमारास जलालाबादजवळ पहिल्यांदा ते डागलं गेलं आणि सोव्हिएत लढाऊ हेलिकॉप्टरं पडली. त्यानंतर वैमानिक उंचावरून, रात्री आणि उष्ण फसवे गोळे सोडत उडू लागले. नुकसान आटोक्यात आलं, पण जमिनीवरच्या तुकड्यांना मिळणारा नेमका आधार विरळ झाला.

‘स्टिंगरनं युद्ध जिंकलं’ ही लोकप्रिय समजूत इथे शांतपणे मोडली जाते, त्याबद्दल दोघांचं कौतुक. सोव्हिएत नेते गोर्बाचोव यांनी अफगाणिस्तानला ‘भळभळती जखम’ म्हटलं ते फेब्रुवारी १९८६ मध्ये, पहिलं स्टिंगर डागण्याच्या सात महिने आधी. बाहेर पडायचं मन आधीच होत होतं.

दुसऱ्या बाजूची रसदही तितक्याच तपशिलानं येते. अमु दर्यावरच्या तेर्मेझपासून काबूलपर्यंत फौजेचा मुख्य रस्ता एकच, आणि तोही हिंदुकुशातल्या सालंग बोगद्यातून. बोगदा तीन हजार मीटरपेक्षा उंचावर, अडीच किलोमीटरहून लांब, १९६४ मध्ये सोव्हिएत मदतीनंच बांधलेला. एक लाखावर फौजेचं इंधन, पीठ आणि दारूगोळा इथून जाणार, म्हणजे घात घालणाऱ्यानं कुठे बसायचं हे ठरलेलंच. नकाशावर उंचीचे आकडे हवेत ते यासाठी.

चौथ्या सत्राचा शेवट हा सगळ्या वर्गाचा कळस आहे. १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटची सोव्हिएत तुकडी अमु दर्यावरचा पूल ओलांडून परत गेली. काही आठवड्यांत काबूलमधले सोव्हिएतधार्जिणे राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला कोसळतील असं जवळजवळ सगळेच म्हणत होते. मार्चमध्ये मुजाहिदीनांनी जलालाबादला वेढा घातला आणि ते हरले. गनिमी लढाईत तरबेज असलेल्यांना खंदकांपुढे उघड्यावर आणलं की काय होतं, त्याचा तो पाठ. नजीबुल्ला तीन वर्षं टिकले, कारण मॉस्कोहून इंधन, धान्य, पैसा आणि स्कड क्षेपणास्त्रं येत राहिली. १ जानेवारी १९९२ पासून दोन्ही महासत्तांनी हत्यारं देणं थांबवलं. सोव्हिएत संघ तर उरलाच नव्हता. पगार आणि इंधन आटलं, दोस्तुम यांच्यासारखे त्यांच्याच बाजूचे सेनानी फिरले, एप्रिलमध्ये काबूल पडलं. सैन्य गेल्यानं न पडलेलं सरकार रसद थांबल्यावर पडलं. वर्गाचा मूळ प्रश्न इथे शंभर टक्के सिद्ध होतो.

अंगोलाच्या सत्रात वेग कमी पडतो, पण एक भाग चुकवू नये असा आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये पोर्तुगीज गेले आणि तीन संघटना राजधानी लुआंडासाठी झुंजल्या. क्यूबाचे सैनिक जुन्या ब्रिटानिया विमानांतून बार्बाडोस, बिसाऊ, ब्राझाव्हिल अशा उड्या मारत पोचले. पुढे कॅबिंडाच्या तेलविहिरी अमेरिकन कंपनी चालवत होती, तिचा पैसा लुआंडातल्या मार्क्सवादी सरकारला जात होता आणि त्या भागाचं रक्षण क्यूबाचे सैनिक करत होते. त्याच वेळी वॉशिंग्टन १९८६ पासून झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) कामिना तळावरून सवींबी यांच्या युनिटा या बंडखोर संघटनेला स्टिंगर पुरवत होतं. पुस्तिकेतला तेल आणि हिरे यांचा तक्ता इथे फार उपयोगी : सरकारकडे तेल, बंडखोरांकडे हिरे. म्हणूनच १९८८ च्या न्यूयॉर्क करारानं क्यूबा आणि दक्षिण आफ्रिका बाहेर पडल्यावरही युद्ध थांबलं नाही. सवींबी २२ फेब्रुवारी २००२ ला मारले गेले तेव्हा कुठे ते संपलं.

सहावं सत्र निकाराग्वाचं. पैशाची वाट नीट समजावली जाते : बोलंड दुरुस्त्यांनी अमेरिकी काँग्रेसनं निकाराग्वाच्या डाव्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांची मदत रोखली, मग इराणला क्षेपणास्त्रं विकून आलेला पैसा तिकडे वळवला गेला. ५ ऑक्टोबर १९८६ ला एक मालवाहू विमान पडलं, पॅराशूटनं वाचलेला एक अमेरिकन पकडला गेला आणि सगळं उघडं पडायला सुरुवात झाली. पुस्तिकेत बोलंड दुरुस्ती फक्त १९८४ ची आहे. पहिली डिसेंबर १९८२ ची, ती सौम्य होती. दोन्ही लिहाव्यात, नाहीतर मधली दोन वर्षं कळत नाहीत. निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरणं आणि काँट्रांना मदत करणं याबद्दल २७ जून १९८६ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अमेरिकेविरुद्ध निकाल दिला, तेव्हा न्यायालयाचे अध्यक्ष भारताचे नागेंद्र सिंह होते. त्यांचं नाव वर्गात येत नाही. यायला हवं.

सर्वांत मोठी उणीव काँगोची. १९६०-६१ चा काँगो म्हणजे पंतप्रधान लुमुंबांची हत्या, कटांगा प्रांताची फुटीरता, दोन्ही महासत्तांची ओढाताण, आणि त्यात संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली प्रत्यक्ष लढलेली भारतीय ब्रिगेड. ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलमध्ये वीरमरण आलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया परमवीर चक्राचे मानकरी आहेत. ज्या गावापासून तासाभरावर महूचं इन्फंट्री स्कूल आहे, तिथल्या वर्गात काँगो नसणं पटत नाही. अंगोलाचं सत्र अर्धा तास आटवून ही जागा सहज काढता येईल.

मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची किंवा दिल्लीची परीक्षा देणाऱ्यांना दुसरं, तिसरं आणि चौथं सत्र सर्वाधिक उपयोगी आहे. उत्तरात दोन महासत्तांची नावं लिहून थांबणाऱ्यांना तिथे पाकिस्तान, थायलंड हे मधले हात दिसू लागतात. ज्यांना फक्त तारखांची यादी हवी आहे त्यांनी येऊ नये, ती इथे मिळणार नाही आणि मिळते तेव्हा तपासावी लागते. शाळकरी मुलांना अफगाणिस्तानपासून पुढे आणायला हरकत नाही, लाओसच्या भागात मात्र चित्रफितीतली जखमी मुलं दिसतात, याची कल्पना पालकांना आधी द्यायला हवी. सध्या ती दिली जात नाही. शनिवारी संध्याकाळी राजवाड्याच्या बाजूनं गाडी आणू नये, गर्दीत अर्धा तास जातो आणि सराव सुरुवातीलाच वाटून होतो, उशिरा आलेल्याला ठोकळे मिळत नाहीत. पुढच्या तुकडीसाठी नाव देताना सुधारित पुस्तिका छापली आहे का हे विचारावं. नसेल तर जुनीवर आणि नकाशावर मिळून चार दुरुस्त्या हातानं करून घ्याव्यात : दोन रणजितसिंह, सिहानूकव्हिल, ३ जुलै १९७९ आणि १९८२ ची बोलंड दुरुस्ती.